छोटी सेवाभावी संस्था : नोंदणीपासून तिसऱ्या वर्षापर्यंत (उदाहरण : तालुक्यातली मुलींची अभ्यासिका)

रानजाई :

संस्था कशी काढायची हा प्रश्न या चर्चामंचावर वरचेवर येतो आणि उत्तरं दहा धाग्यांत विखुरलेली आहेत. ती एका जागी आणू या. बोलणं हवेत राहू नये म्हणून उदाहरण एकच धरते : तालुक्याच्या गावी मुलींसाठी अभ्यासिका. चाळीस जणींची बसायची सोय, सकाळी सात ते रात्री आठ, दोन अर्धवेळ ताई, पुस्तकं, वर्तमानपत्रं, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह. (स्वच्छतागृह अंदाजपत्रकात सगळ्यात वर लिहा. ते धड नसेल तर मुली दोन तासांच्या वर थांबत नाहीत, मग पुस्तकं कितीही आणा.)

महाराष्ट्रात वाटा तीन. पहिली, संस्था नोंदणी अधिनियम १८६० खालची संस्था. किमान सात सभासद लागतात. हीच संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंदवावी लागते. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच होतात, पण प्रमाणपत्रं दोन आणि क्रमांकही दोन. दुसऱ्या क्रमांकाआधी 'एफ' अक्षर असतं. दुसरी वाट न्यासाची (ट्रस्टची) : न्यासपत्र करून फक्त १९५० च्या कायद्याखाली नोंदणी, क्रमांकाआधी 'ई'. तिसरी वाट कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ ची, नफा न वाटणारी कंपनी. दोन माणसांत होते, पण दरवर्षीचे फॉर्म आणि व्यावसायिकाचं शुल्क चार-पाच लाखांच्या कामाला झेपत नाही.

अभ्यासिकेसाठी माझं मत पहिल्या वाटेच्या बाजूने. सभासद वाढवता येतात, ठराविक वर्षांनी निवडणूक होते, गावातल्या माणसाला संस्था आपली वाटते.

आणि एक आग्रहाने सांगते : नोंदणीची घाई करू नका. सहा महिने ते वर्षभर एखाद्याच्या रिकाम्या खोलीत दहा मुलींपासून सुरू करा. किती येतात, कोणत्या वेळी येतात, परीक्षा संपल्यावर खोली ओस पडते का, हे कळल्याशिवाय उद्देश कागदावर उतरवले तर ते अंदाजाने लिहिले जातात. मग दुरुस्त करत बसावं लागतं.

जमाखर्च :

रानजाई, सल्ला बरोबर आहे, पण त्याला कुंपण घालायला हवं. नोंदणी नसताना लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर १९५० च्या कायद्याच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी काढतात तीच. तेव्हा त्या पहिल्या वर्षात पावतीपुस्तक छापू नका, समाजमाध्यमांवर 'मदत करा' असं आवाहन टाकू नका. सात-आठ जणांनी आपापल्या खिशातून भाडं भरा, पुस्तकं थेट वस्तुरूपाने घ्या.

सचिवाच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड भिंतीवर लावणं तर मुळीच नको. ते पैसे कागदोपत्री त्या माणसाचे ठरतात. उद्या आयकराची विचारणा आली तर ते संस्थेचे होते हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर पडते, आणि गावात संशय येतो तो वेगळाच.

सह्यकडा :

घटनेबद्दल सविस्तर लिहितो, कारण पुढची निम्मी दुखणी तिथेच जन्म घेतात. विधान (संस्थेचे उद्देश) आणि नियमावली (कारभाराचे नियम) मिळून आपण घटना म्हणतो. टायपिंगच्या दुकानात तयार नमुना मिळतो, त्यात तीस-चाळीस उद्देश असतात : गोशाळा, वृद्धाश्रम, संगणक प्रशिक्षण, क्रीडा, पर्यावरण. 'पुढे लागलं तर असू दे' म्हणून लोक तसाच ठेवतात. मग देणगी देणारी कंपनी विचारते की तुमचं नेमकं काम काय. चार-पाच उद्देश पुरतात. अभ्यासिकेसाठी : अभ्यासिका व ग्रंथालय चालवणे, मार्गदर्शन वर्ग, शिष्यवृत्ती व शैक्षणिक साहित्य, मुलींचे आरोग्य व सुरक्षितता, आणि यांना पूरक कामे. 'फक्त अमुक गावातल्या दहावीच्या मुलींसाठी' इतकंही आवळू नका.

उद्देशात एखाद्या विशिष्ट जातीचं किंवा धर्माचं नाव आलं तर ८० जीची, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी, मान्यता अडते. ज्ञातीमंडळांनी काढलेल्या विद्यार्थी संस्थांचं इथेच अडतं. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, महिला आणि मुलं यांच्यासाठीचं काम त्यात अडकत नाही.

कार्यकारिणीची मुदत तीनऐवजी पाच वर्षं ठेवा. प्रत्येक निवडीनंतर बदल अर्ज (धर्मादाय कार्यालयातली नोंद बदलून घेण्याचा) करावा लागतो, मुदत जितकी लहान तितके अर्ज जास्त. सभेची सूचना किती दिवस आधी आणि कशी द्यायची ते स्पष्ट लिहा. गणपूर्ती झेपेल एवढीच ठेवा. शंभर सभासदांपैकी दोनतृतीयांश हजर हवेत असं लिहिलं की पाचव्या वर्षी एकही सभा कायदेशीर होत नाही. तहकूब सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल आणि तिला गणपूर्तीचं बंधन नसेल, हे कलम विसरू नका.

विसर्जनाचं कलमही तितकंच महत्त्वाचं. संस्था बंद झाली तर उरलेली मालमत्ता सभासदांत वाटली न जाता समान उद्देशाच्या दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे जाईल, हे शब्दांत असायला हवं. ते नसेल तर आयकर खात्याकडून हटकून विचारणा येते.

उद्देश पुढे बदलायचे तर १८६० च्या कायद्याचं कलम १२ बघा : दहा दिवस आधी सभासदांना प्रस्ताव, विशेष सभेत तीनपंचमांश मतं, एका महिन्याच्या अंतराने दुसरी सभा आणि तिथे पुन्हा तीनपंचमांश. त्यानंतर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, आणि आयकर खात्याकडे तीस दिवसांत नवा अर्ज. हा शेवटचा भाग जवळजवळ सगळे विसरतात.

नवखी_वाट :

सात सभासद म्हणजे नवरा, बायको, दीर, जाऊ आणि तीन मित्र असं चालतं का? आणि नोंदणीला कागद कोणते लागतात?

सह्यकडा :

कायद्यात नाती मोजत नाहीत. पण पैसे देणारा मोजतो. सातांत एका घरातला एकच असावा, फार तर दोन, आणि ते दोघे अध्यक्ष-खजिनदार किंवा सचिव-खजिनदार अशा जोडीत नसावेत. मुलींची अभ्यासिका आहे तर सातांत निदान चार बाया हव्यात. एखादी निवृत्त शिक्षिका आणि एखादी नर्सताई असल्या तर कामाचं वजन आपोआप वाटलं जातं.

कागद : घटनेच्या प्रती, कार्यकारिणीची यादी पत्ते-व्यवसायांसह, सगळ्यांची ओळखपत्रं आणि संमतीपत्रं, पहिल्या सभेचा ठराव, अर्ज करणाऱ्याला दिलेलं अधिकारपत्र, कार्यालयाच्या जागेचं मालकाचं ना हरकत पत्र आणि वीजबिल किंवा घरपट्टीची पावती. नाव, आडनाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव सगळीकडे अक्षरशः सारखं हवं. आधारवर एक, पॅनवर दुसरं आणि घटनेत तिसरं, हे अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण. नावासाठी तीन पर्याय तयार ठेवा. शासकीय वाटेल असं नाव नको.

जमाखर्च :

आता आयकराकडे येतो. संस्थेच्या नावाने पॅन काढा, मग बँक खातं. तीन जणांना सहीचा अधिकार द्या, त्यांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या लागतील असा ठराव करा. दोघांनाच अधिकार दिला तर एक बाहेरगावी गेला की ताईंचं मानधन अडतं.

त्यानंतर १२ एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८० जी (देणगीदाराला करसवलत). नव्या संस्थेला आधी तात्पुरती नोंदणी मिळते, फॉर्म १० ए भरून, तीन वर्षांसाठी. लोक प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावतात आणि तीन वर्षं निर्धास्त राहतात. चूक इथेच होते. काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत नियमित नोंदणीसाठी १० एबी भरायचा असतो. काम सुरूच झालं नसेल तर मुदत संपायच्या किमान सहा महिने आधी. अभ्यासिका १५ जूनला उघडली तर तुमची तारीख डिसेंबरच्या मध्यात येते, तीन वर्षांनंतर नाही. आणि अभ्यासिका कधी सुरू झाली हे तुमच्याच उद्घाटनाच्या फोटोवरून अधिकाऱ्याला कळतं.

आयकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा घेतो. कलमांचे क्रमांक त्यात वेगळे आहेत. मी इथे जुनीच नावं वापरतोय कारण सीए, देणगीदार, बँक सगळे त्याच नावांनी बोलतात. अर्ज भरताना पोर्टलवरचं शीर्षक वाचून फॉर्म निवडा.

दरवर्षीच्या तारखा भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. ३१ मार्चला हिशेब बंद. ३१ मेपर्यंत देणग्यांचं विवरणपत्र, म्हणजे १० बीडी, आणि त्यातून निघणारं प्रमाणपत्र प्रत्येक देणगीदाराला. उशिराला दिवसाला २०० रुपये. त्यासाठी पावती फाडतानाच नाव, पत्ता आणि पॅन घ्या. मे महिन्यात दीडशे लोकांना फोन करून पॅन मागायला बसलात तर निम्मे मिळत नाहीत. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८० जीची सवलत नाही, हे पावतीपुस्तकाच्या मुखपृष्ठावरच छापा. ३० सप्टेंबरपर्यंत लेखापरीक्षण, धर्मादाय कार्यालयाकडे आणि आयकरासाठीही. ३१ ऑक्टोबरपर्यंत विवरणपत्र, आयटीआर ७.

खर्चाच्या बाजूने दोन गोष्टी. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख देऊ नका, तो खर्च संस्थेच्या कामावर केला असं धरत नाहीत. आणि दिलेल्या प्रत्येक रकमेला पाठिंब्याचा कागद हवा : बिल, नाहीतर सहीचं व्हाउचर. ५,००० च्या वरच्या व्हाउचरला एक रुपयाचं महसुली तिकीट.

खडूफळा :

अंदाजपत्रकाचं कोणी बोललं नाही म्हणून आकडे मांडते. हे गृहीत आकडे आहेत, आपापल्या गावचे घालून बघा. महिन्याला भाडं ६,०००, दोन ताईंचं मानधन प्रत्येकी ९,००० म्हणजे १८,०००, वीज २,०००, आणि पाणी, सफाई, वर्तमानपत्रं, झेरॉक्स मिळून ४,०००. एकूण ३०,०००, वर्षाला ३,६०,०००. त्यात हिशेबनीस, लेखापरीक्षण, नवी पुस्तकं, दुरुस्ती यांचे ४०,००० धरा. चार लाख. चाळीस मुलींनी भागलं की एका मुलीमागे वर्षाला १०,००० रुपये.

देणगी मागताना हा शेवटचा आकडा बोला. 'यथाशक्ती मदत करा' म्हटलं की माणूस शंभराची नोट काढतो. 'एका मुलीच्या एका महिन्याच्या अभ्यासाला साधारण ८५० रुपये लागतात' म्हटलं की तो विचार करतो, आणि बरेचदा दर महिन्याला द्यायला तयार होतो. ८५० देणारी चाळीस माणसं सापडली की खर्च भागतो, थोडे उरतातही. चार लाख एकाच दात्याकडून घेतलेली संस्था त्या दात्याच्या मुलाने कारभार हाती घेतला की बंद पडते. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून, एकेक पैशाच्या वर्गणीतून, तळेगावचा काच कारखाना उभा राहिला, १९०८ मध्ये. थेंबाथेंबाने गोळा करणं आपल्या मातीला नवं नाही.

ताईंचं मानधन अंदाजपत्रकातून कापू नका, हे मात्र हात जोडून सांगते. 'सेवा आहे, थोडक्यात भागवू' म्हणून तिला ४,००० दिले की ती आठ महिन्यांत सोडून जाते. मुली खुर्च्यांसाठी येत नाहीत, ओळखीच्या ताईसाठी येतात, आणि घरचेही तिच्या भरवशावर पाठवतात.

जमाखर्च :

खडूफळा यांच्या आकड्यांना जोड. निदान सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे दोन लाख, हाताशी हवा. पण संस्थेला उत्पन्नाच्या ८५ टक्के त्याच वर्षी उद्देशावर खर्च करावे लागतात, १५ टक्के शिल्लक ठेवता येतात. म्हणून हिशेब असा : ४,७०,००० जमवा, ४,००,००० खर्च करा, ७०,००० मागे टाका. तीन वर्षांत २,१०,००० होतात. १५ टक्क्यांपेक्षा जास्त बाजूला ठेवायचे तर कारण आणि मुदत (जास्तीत जास्त पाच वर्षं) ठरावात घालून मुदतीत फॉर्म भरावा लागतो. इमारतीसाठी साठवताना हे लागतं.

कायम निधी (मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायचा) वेगळा. त्यासाठी देणगीदाराचं लेखी पत्र हवं की ही रक्कम कायम निधीसाठी आहे. पत्र नसेल तर ती साधी देणगी. तो निधी ठरवून दिलेल्या जागीच गुंतवायचा : बँक, टपाल खातं वगैरे. आपल्याकडे अर्धा-एक टक्का व्याज जास्त मिळतं म्हणून पतसंस्थेत ठेव ठेवायची पद्धत आहे. पतसंस्था म्हणजे बँक नाही. आयकराच्या दृष्टीने ती गुंतवणूक नियमबाह्य ठरते, १९५० च्या कायद्याच्या कलम ३५ लाही चालत नाही, आणि पतसंस्था अडचणीत आली तर विश्वस्तांना, म्हणजे आपल्या कार्यकारिणीला, जाब द्यावा लागतो. संचालक ओळखीचे असले तरी नको.

शिवारवाट :

सीएसआरचा, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात तो, पैसा लहान संस्थेला मिळतो का? आणि कंपन्या म्हणतात की प्रशासकीय खर्च फक्त ५ टक्केच देऊ, ते खरं आहे का?

खडूफळा :

मिळतो, पण पहिल्या दिवसापासून नाही. कंपनी आपलं काम बाहेरच्या संस्थेकडून करून घेते तेव्हा तिच्याकडे किमान तीन वर्षांच्या कामाचा पूर्वेतिहास, १२ एबी आणि ८० जी, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर १ ची नोंदणी लागते. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरचा क्रमांकही मागतात, तो फुकट मिळतो, पहिल्याच वर्षी काढा.

५ टक्क्यांचं म्हणाल तर तो गैरसमज आहे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चावर आहे. प्रकल्प राबवण्याचा थेट खर्च, म्हणजे ताईंचं मानधन, देखरेख, मूल्यमापन, त्यात येत नाही. प्रस्तावात हे खर्च 'प्रशासन' या एका ओळीत कोंबू नका. 'अभ्यासिका ताई, २ × ९,००० × १२ = २,१६,०००' असं प्रकल्पाखाली लिहा. ओळीचं नाव बदललं की उत्तर बदलतं.

सातासमुद्रापार :

अमेरिकेतले मित्र दरमहा पाठवायला तयार असतील तर? रक्कम लहान आहे, वीस-पंचवीस डॉलर.

जमाखर्च :

रक्कम बघू नका, पासपोर्ट बघा. भारतीय नागरिक परदेशात राहत असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेच्या नेहमीच्या मार्गाने देत असेल तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. सगळ्यात सुटसुटीत म्हणजे त्याने आपल्या भारतातल्या खात्यातून पाठवावी. पासपोर्टची प्रत पावतीसोबत जोडून ठेवा. ज्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तो ओसीआय कार्डधारक असला, पुण्यात त्याचं घर असलं, तरी त्याचा पैसा विदेशीच. एफसीआरए (विदेशी देणगीचा कायदा) खालच्या नोंदणीशिवाय पंचवीस डॉलरसुद्धा घेता येत नाहीत. त्या नोंदणीला तीन वर्षांचं अस्तित्व आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मिळून १५ लाखांचा खर्च लागतो, शिवाय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातं. अभ्यासिकेच्या आकाराला ते बसत नाही. परदेशस्थ मित्राला विनंती करा की इथल्या भावंडांनी त्यांच्या स्वतःच्या पैशातून द्यावं. मित्राचे पैसे भावाच्या खात्यावरून फिरवून आणणं ही पळवाट नाही, तो कायद्याचा भंग आहे.

सह्यकडा :

बदल अर्जाचं वर ओझरतं आलं, ते पुरं करतो. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, पत्ता बदलला, जागा घेतली, की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज. सोबत सभेची सूचना, ती पोचल्याचा पुरावा, विषयपत्रिका, हजेरीच्या सह्या, इतिवृत्त, राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, नव्यांची संमतीपत्रं. उशीर झाला तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज. अर्ज मंजूर होईपर्यंत परिशिष्ट एकच्या (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या) उताऱ्यावर जुनीच नावं राहतात, आणि बँक, कंपनी, शासन सगळे तो उताराच मागतात. बारा वर्षं निवडणुका व्यवस्थित झाल्या पण अर्ज एकही दिला नाही, तर कागदोपत्री संस्था बारा वर्षांपूर्वीच्या लोकांची. त्यातले दोघे वारलेले असतात.

इतिवृत्त सभेच्या दिवशीच लिहा, पानांना क्रमांक घाला, सुटी पानं नकोत. सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर तशी सोय घटनेत लिहिलेली असू द्या, नाहीतर पोस्टाने किंवा सही घेऊन हातोहात.

रानजाई :

कागद पुष्कळ झाले, आता खोलीत येऊ. अभ्यासिकेत एकच नोंदवही नीट ठेवा : नाव, गाव, यायची वेळ, जायची वेळ, सही. महिन्याच्या शेवटी तीन आकडे काढा. रोज सरासरी किती जणी आल्या, नव्या किती, आणि यायच्या बंद किती झाल्या. तिसरा आकडा सगळ्यात मोलाचा. तीन दिवस न आलेल्या मुलीच्या घरी ताईने फोन करायचा आणि कारण वहीत लिहायचं : एस.टी.ची वेळ बदलली, लग्न ठरलं, आई आजारी, कापसाची वेचणी. चार महिन्यांची कारणं एकत्र वाचली की पुढचा खर्च कुठे करायचा ते कळतं. पाच जणींनी संध्याकाळच्या एस.टी.चं कारण दिलं असेल तर नवी कपाटं घेण्यापेक्षा आगारात अर्ज देणं आणि सकाळी सहाला दार उघडणं जास्त उपयोगाचं.

काम मुलींचं आहे म्हणून हेही. रात्री आठला दार लावताना शेवटची मुलगी कोणासोबत गेली ते लिहायचं. पुरुष स्वयंसेवक एकटा खोलीत नको. अठरा वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, कार्यकारिणीत चर्चा करून ठरवण्याचा तो विषय नाही. चाइल्डलाइनचा १०९८ क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला, मुलींच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा.